रेडॉनचा आकडा रोज का बदलतो? सांगली-साताऱ्याची हवा, काळी माती आणि पाऊस

वारणाकाठ (धागाकर्ती)
शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

घरात रेडॉन मोजायचं छोटं यंत्र आणलं की पहिल्या काही दिवसांतच माणूस गोंधळून जातो. पहाटे आकडा चढलेला, दुपारी निम्म्याच्याही खाली, आभाळ भरून आलं की पुन्हा वेगळाच. घर तेच, फरशी तीच. मग बदललं काय? बदललं ते हवामान. या विषयावर नेटवर जे वाचायला मिळतं ते जवळपास सगळं बर्फाच्या देशांतल्या तळघरांबद्दल असतं. आपल्याकडे तळघर नाही, बर्फ नाही. आहे ती काळी माती, तिच्याखाली काळा पाषाण आणि चार महिने पाऊस. म्हणून आपल्या भागापुरता हा धागा काढते आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. यंत्र कॅनडातल्या भावाने पाठवलंय, आणि ते विश्रामबागेत आमच्या तळमजल्याच्या खोलीत ठेवलंय.

ज्यांना रेडॉन नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. जमिनीत, खडकात सगळीकडे किंचित युरेनियम असतं. त्याचा क्षय होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. साखळीतले बाकीचे सगळे घन पदार्थ, जागचे न हलणारे. रेडॉन मात्र वायू, तोही निष्क्रिय, कशाशीही संयोग न करणारा. रंग नाही, वास नाही. त्यामुळे तो मातीच्या फटींतून सुटतो आणि हवेत येतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. म्हणजे आज जमिनीतून निघालेल्या रेडॉनपैकी निम्मा चार दिवसांच्या आत संपलेला असतो. संपतो म्हणजे त्याचं पोलोनियम, शिसं, बिस्मथ असं काही बनत जातं. हे पुन्हा घन कण. ते हवेतल्या धुळीला चिकटतात, श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. खरा धोका या कणांचाच.

मोजतात बेकरेलमध्ये. १ बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय. जगभरात घराबाहेरच्या हवेत सरासरी १० बेकरेल प्रति घनमीटरच्या आसपास, घरात ४० च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली १०० ही संदर्भपातळी सांगितली. ती पाळणं शक्य नसेल तिथे निदान ३०० च्या वर जाऊ नये असं म्हटलं. कॅनडाची मर्यादा २००, अमेरिकेची सुमारे १४८.

आता मूळ मुद्दा. जमीन रेडॉन देत असते, ते देणं बऱ्यापैकी संथ आणि सातत्याचं. तो आपल्या नाकापर्यंत किती पोचेल हे मात्र हवा ठरवते. रात्री आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्या लगतची हवाही. वरची हवा उबदार, खालची गार, अशी उलटी रचना झाली की खालची हवा वर जाऊ शकत नाही. रात्रभर निघालेला रेडॉन त्या उथळ थरात साठत जातो आणि सूर्योदयाच्या सुमाराला शिगेला पोचतो. ऊन तापलं, हवा उसळायला लागली, की तोच रेडॉन हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत पसरून पातळ होतो. म्हणून दुपारी सगळ्यात कमी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कृष्णेच्या काठावर धूर आणि धुकं जसं तरंगत राहतं, नेमकी तीच अडकलेली हवा.

दुसरी गोष्ट हवेच्या दाबाची. हवेचा दाब कमी झाला की जमिनीच्या पोकळ्यांतली हवा बाहेर येते, वाढला की बाहेरची हवा आत ढकलली जाते. आपल्या पट्ट्यात दाबाला रोजची ठरलेली भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी. फरक काही मिलिबारचाच, पण पहाटेची ओहोटी आणि साठलेली हवा एकाच वेळी येतात.

माझं म्हणणं एवढंच की एका दिवसाचा आकडा हा त्या दिवसाच्या हवामानाचा आकडा असतो, घराचा नाही. घराचा आकडा ऋतूंच्या सरासरीतून कळतो. कुणी मोजलं असेल, शेतीतून, विहिरीतून, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून काही अनुभव असेल तर नक्की लिहा.


विटेकर_माळ
शुक्रवार, रात्री ९:५२

ताई, छान विषय. वाचनखूण साठवली.

एक शंका. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काठी घातली तर कमरेएवढी आत जाते. त्या भेगांमधनं हा वायू जास्त येत असणार का? आणि पाऊस पडल्यावर भेगा मिटतात, तेव्हा तो कुठं जातो?


मिरज_भौतिकी
शुक्रवार, रात्री ११:०५

विटेकर, तुमची शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. जरा सविस्तर लिहितो.

रेडॉनला दोन टप्पे पार करायचे असतात. पहिला, खनिजाच्या कणातून सुटून दोन कणांमधल्या पोकळीत येणं. दुसरा, त्या पोकळ्यांतून वर येणं. मातीतला ओलावा या दोन्ही टप्प्यांवर उलटसुलट काम करतो.

रेडियमच्या अणूचा क्षय होतो तेव्हा नव्या रेडॉनच्या अणूला जोराचा धक्का बसतो आणि तो उडतो. माती अगदी कोरडी असेल तर तो पोकळीतली हवा ओलांडून समोरच्या कणात जाऊन रुततो आणि अडकतो. पोकळीच्या कडांना पाण्याची पातळ झिल्ली असेल तर ते पाणी त्याला अडवतं, तो पाण्यात थांबतो आणि तिथून हवेत येतो. म्हणून थोडा ओलावा असलेल्या मातीतून रेडॉन जास्त सुटतो, भाजून काढलेल्या मातीतून कमी.

पण पाणी वाढत जाऊन पोकळ्या भरल्या की चित्र पालटतं. रेडॉन हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट संथपणे पाण्यातून पसरतो. त्याच्याकडे वेळ तर मोजकाच, ३.८ दिवसांचं अर्धायुष्य. कोरड्या सैल जमिनीत तो या मुदतीत मीटर-दीड मीटर अंतर कापू शकतो. चिबडलेल्या जमिनीत काही सेंटिमीटर. म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न, तो कुठे जातो? बहुतेक वेळा कुठेच जात नाही, जागच्या जागी संपतो.

काळ्या मातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. त्यामुळे तिच्यात हा फरक टोकाला जातो. उन्हाळ्यात भेगा म्हणजे खालच्या थरांपर्यंत उघडे रस्ते. दाब उतरला, वारा भेगांवरून वाहिला, की खालची हवा बाहेर खेचली जाते. जूनच्या चांगल्या पावसानंतर तीच जमीन बंद झाकण होते. आणि मधला काळ, म्हणजे पावसानंतर उघडीप पडलेली, माती वाफशावर आलेली, तेव्हा ओलावाही बेताचा आणि पोकळ्याही मोकळ्या. पेरणीला जी जमीन चांगली, ती रेडॉन सोडायलाही अनुकूल.

उन्हाळ्यात एवढ्या भेगा असूनही बाहेरच्या हवेत आकडा फार चढत नाही, कारण दुपारची तापलेली हवा सगळं उधळून लावते. जमीन जास्त देते, हवा त्याहून जास्त नेते. भेगा घराच्या जोत्याखाली असतील तर मात्र ती हवा उधळायला तिथे कुणी नसतं.


यवतेश्वर_पायथा
शनिवार, सकाळी ७:३०

साताऱ्यातून लिहितोय. अजिंक्यतारा एका बाजूला, यवतेश्वरचा डोंगर दुसऱ्या बाजूला. थंडीत पहाटे डोंगरउतारावरची गार हवा घरंगळत शहरात येऊन बसते. वरच्या कठड्यावरून पाहिलं तर शहरावर धुराची चादर स्पष्ट दिसते. वारणाकाठ ताईंनी जी उलटी रचना सांगितली ती अशा खोलगट जागी जास्त टिकणार.

मला पावसाळ्याबद्दल विचारायचंय. आमच्याकडे जुलैत दारं-खिडक्या दिवसेंदिवस बंद असतात. कास, बामणोली बाजूला तर विचारूच नका. मग पावसाळ्यात घरातला रेडॉन वाढतो की कमी होतो? दोन्ही बाजूंनी कारणं दिसतात.


वारणाकाठ
शनिवार, सकाळी १०:१५

दादा, दोन्ही बाजूंनी कारणं आहेत हे अगदी खरं. बाहेरची हवा आणि घरातली हवा वेगळी धरली की उलगडा होतो.

पावसाळ्यात बाहेरचा रेडॉन कमी होतो. जमीन भिजून बंद झालेली हे एक कारण. दुसरं मला फार विलक्षण वाटतं. समुद्र रेडॉन जवळपास देतच नाही. जमिनीच्या तुलनेत शंभरात एक भाग म्हणा. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून दिवसेंदिवस वाहत येतात आणि तेवढ्यात त्यांच्यातला जुना रेडॉन क्षय होऊन जातो. आठवडाभराच्या प्रवासात पाऊण हिस्सा गेला, चौथाई उरला. म्हणून जुलैत सह्याद्री ओलांडून तुमच्या अंगणात येणारी हवा रेडॉनच्या दृष्टीने धुतलेली असते. ऑक्टोबरनंतर वारे ईशान्येकडून, म्हणजे अख्ख्या दख्खनवरून येऊ लागतात. ती हवा जमिनीचा रेडॉन गोळा करत आलेली. टास्मानियातल्या केप ग्रिम इथल्या केंद्रावर शास्त्रज्ञ रेडॉनचा हाच गुण वापरतात. हवेचा झोत समुद्रावरून आला की जमिनीवरून, हे त्यातल्या रेडॉनवरून ओळखतात.

घरातलं गणित निराळं. अंगण भिजून बंद झालं, पण घराखालची जमीन छपराच्या आडोशाला कोरडीच राहिली. पाणी चहूबाजूंनी मुरतं, पोकळ्यांतली हवा ढकलते, आणि तिला सुटायला मोकळी जागा घराखालीच मिळते. फरशीच्या सांध्यांतून, नळाच्या भोकांतून ती वर येते. त्यात खिडक्या बंद. तेव्हा ज्या घराची जमीन तडकलेली आहे आणि जे पावसात कडेकोट बंद असतं, तिथे बाहेर कमी आणि आत जास्त असं होऊ शकतं. दारं उघडी राहणाऱ्या घरात होणार नाही.


हरिपूरकर
शनिवार, दुपारी १:४०

इथं हळदीच्या पेवांचा विषय निघाला नाही याचं नवल वाटलं. आमच्या हरिपुरात कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या मातीत पेवं खणलेली. तोंड अरुंद, आत उतरलं की पोट मोठं, खोली दोन-तीन पुरुष. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली, उरलेल्यांना २०१९ च्या पुरानं दणका दिला. आता वापर थोडाच उरलाय.

पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. घाई करून उतरलेली माणसं दगावल्याचं आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय. तो वायू म्हणजे हाच रेडॉन का? जमिनीतलाच वायू आहे, जडही आहे म्हणतात.


मिरज_भौतिकी
शनिवार, दुपारी ३:२०

हरिपूरकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण हा गैरसमज जीवघेणा ठरू शकतो.

पेवात माणूस दगावतो तो प्राणवायूच्या अभावाने आणि साठलेल्या कार्बन डायॉक्साइडने. बंद जागेत हळद, मातीतले जीवजंतू सतत श्वसन करतात, प्राणवायू संपवतात. कंदील विझतो तो त्यामुळे. रेडॉनचा कंदिलाशी काही संबंध नाही. रेडॉनने कुणी मिनिटांत किंवा तासांत मरत नाही. त्याचं नुकसान वर्षानुवर्षांच्या श्वासातून होतं.

पण पेवात रेडॉन असणार हेही तितकंच खरं. चहूबाजूंनी माती, हवा खेळायला वाव नाही. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत घनमीटरला हजारोंनी बेकरेल रेडॉन असणं सर्वसाधारण आहे. पेव उघडं ठेवलं की दोन्ही वायू पातळ होतात, त्यामुळे तुमच्या वाडवडिलांची रीत दोन्हींसाठी योग्य. वर्षातून थोडा वेळ उतरणाऱ्याला रेडॉनची भीती बाळगायचं कारण नाही, प्राणवायूची मात्र बाळगायलाच हवी. विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्यांनाही हेच लागू.

जडपणाबद्दल. रेडॉन हवेच्या सात-आठ पट जड आहे हे बरोबर. पण त्याचे अणू हवेत इतके नगण्य संख्येने असतात की ते पाण्याखालच्या गाळासारखे तळाशी बसत नाहीत. हवा जिकडे जाईल तिकडे तेही जातात. तळमजल्यावर जास्त सापडतो तो जमीन जवळ असल्यामुळे.


कराड_पाटण
शनिवार, रात्री ८:४५

धागा वाचतोय, उत्तम चाललाय. कोयनेचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही.

११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या घरातल्या मोठ्यांनी भोगलेला. तेव्हापासून आमच्या भागात लहान-मोठे धक्के चालूच आहेत. भूकंपाआधी जमिनीतून रेडॉन वाढतो, त्यावरून अंदाज बांधता येईल, असं दर काही वर्षांनी कुठंतरी छापून येतं. व्हॉट्सॲपवर तर धक्का बसला की दुसऱ्या दिवशी हजर. यात तथ्य किती?


मिरज_भौतिकी
रविवार, सकाळी ९:००

कराडकर, कल्पना निराधार नाही. १९६६ च्या ताश्कंदच्या भूकंपाआधी तिथल्या खोल विहिरीच्या पाण्यात रेडॉन वाढत गेल्याची नोंद आहे. १९९५ च्या कोबे भूकंपाआधीही भूजलात वाढ दिसली होती. खडकावर ताण आला की बारीक भेगा पडतात, अडकलेला रेडॉन सुटतो, पाणी-वायू नव्या वाटांनी सरकतात. कारणमीमांसा पटण्यासारखी आहे.

अडचण आहे ती या धाग्याच्याच विषयाची. दाब उतरला तरी जमिनीतला रेडॉन हलतो, पाऊस पडला तरी हलतो, माती वाळली तरी हलतो. पावसाळ्याच्या तोंडाशी एखाद्या भोकातला आकडा दुप्पट झाला, तर तो ढगांचा की खडकाचा? हवामानाचा वाटा आधी वजा केल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. तो वजा केल्यावर जे उरतं ते कधी भूकंपाआधी दिसतं, कधी भूकंप न होताच दिसतं, आणि पुष्कळ भूकंप काहीही न दाखवता होतात. आज रेडॉनवरून भूकंपाचा भरवशाचा अंदाज देता येत नाही. तसा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, पाटण-कोयनानगरची माणसं आधीच धास्तावलेली असतात.

आणखी एक. कोयना भागात संशोधनासाठी ३ किलोमीटर खोल विवर खणलं गेलंय. त्या परिसरात वरचा काळा पाषाण साधारण एक किलोमीटर जाडीचा आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइससारखा जुना खडक असल्याचं विवरांतून दिसलंय. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम दहा लाखांत ३ ते ५ भाग, आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, साधारण १ भाग किंवा कमीच. पण खालच्या ग्रॅनाइटचा रेडॉन किलोमीटरभर खडकातून झिरपत वर येईल असं कुणी समजू नये. तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. वर पोचतो तो वरच्या काही मीटर मातीतला आणि खडकातला.


प्रयोगशाळा_आष्टा
रविवार, सकाळी ११:३०

पावसाची अजून एक बाजू राहिली. ती मी प्रत्यक्ष पाहिली आहे म्हणून लिहिते.

आमच्या कॉलेजात पातळ अभ्रकाची खिडकी असलेला गायगर काउंटर, म्हणजे विकिरण टिकटिक करून मोजणारं यंत्र, आहे. मे महिन्यात वळवाचा जोरदार पाऊस झाला की थांबल्या थांबल्या बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवरचं पाणी टिश्यू पेपरने पुसायचं, घडी घालून काउंटरखाली धरायचं. टिकटिक एकदम वाढते. मुलं दचकतात. मग दर पाच मिनिटांनी आकडे लिहीत बसायचं. साधारण अर्ध्या तासात निम्मं होतं, पुढच्या अर्ध्या तासात त्याचं निम्मं. दोन-तीन तासांत कागद पुन्हा साधा कागद.

ढगात आणि ढगाखाली रेडॉनपासून बनलेले शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ चे कण तरंगत असतात. अर्धायुष्यं सुमारे २७ आणि २० मिनिटं. थेंब त्यांना गोळा करून खाली आणतात. म्हणूनच पावसात जमिनीलगतचं गॅमा विकिरण थोडा वेळ वाढतं, जगभरच्या मोजणी केंद्रांवर ही उसळी दिसते. ती तात्पुरती असते आणि मात्रा किरकोळ असते. पावसात भिजायला अजिबात हरकत नाही.

वळीव हा जमिनीवरच्या तापलेल्या हवेतून उभा राहिलेला पाऊस. त्याच्या ढगात जमिनीचा रेडॉन खेचून नेलेला असतो. ताईंनी सांगितलेली समुद्रावरची धुतलेली हवा आठवली तर जुलैच्या संततधारेत हा प्रयोग फिका का पडतो ते लक्षात येईल. अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी अवश्य करावा, अर्धायुष्य शिकवायला याहून चांगलं काही मला माहीत नाही.


तासगाव_सुनंदा
रविवार, दुपारी ४:१०

सगळं वाचलं. मला एक विचारायचं आहे, जरा अवघड आहे.

माझ्या जाऊबाईंना फुफ्फुसाचा कर्करोग झाला. आयुष्यात कधी तंबाखूला, मिश्रीला हात लावला नाही. घर जुनं, दगडी-मातीचं, भुई सारवलेली. हे रेडॉनमुळं झालं असेल का? आम्ही सगळे त्याच घरात राहतो, मुलंही.


वारणाकाठ
रविवार, संध्याकाळी ६:३०

सुनंदाताई, वाचून फार वाईट वाटलं. जाऊबाईंना बरं वाटो.

एका माणसाच्या बाबतीत ‘हे रेडॉनमुळेच’ असं कुणीही डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ सांगू शकत नाही, कारण त्या गाठीवर तशी खूण नसते. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरातल्या फुफ्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात, त्या त्या देशातल्या सरासरी पातळीप्रमाणे. दीर्घकाळाच्या सरासरीत दर १०० बेकरेलला धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हाच धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट. पण न ओढणाऱ्यांत चुलीचा धूर, घरातल्या इतरांच्या विडीचा धूर, रस्त्यावरचा धूर ही कारणंही असतात. चूल होती का, किती वर्षं होती, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

घराबद्दल. मातीच्या भिंती आणि उघडी भुई असलेल्या घरात जमिनीचा वायू सरळ आत येतो, त्यामुळे मोजून घेणं योग्य. घाबरून घर सोडायची गरज नाही. रात्री उशाशी एखादी खिडकी किंवा झरोका उघडा राहू द्या. थंडीत तर मुद्दाम.


डोंबिवलीचा_सांगलीकर
रविवार, रात्री १०:००

विरोधासाठी विरोध करत नाही, पण विचारतोच. आपला काळा पाषाण युरेनियममध्ये कमी, आपली घरं उघडी, थंडी बेताची. मग एवढी चर्चा कशासाठी? पाणी, धूर, साथीचे आजार हे मोठे प्रश्न नाहीत का?


मिरज_भौतिकी
सोमवार, सकाळी ८:२०

प्रश्न रास्त आहे. पाणी आणि धूर हे मोठे प्रश्न आहेतच, आणि आपल्या भागात सरसकट घबराट करण्यासारखं काही नाही.

पण खडक कमी देतो एवढ्यावर घरातला आकडा ठरत नाही. थंड देशांत आत २० अंश आणि बाहेर शून्याखाली असतं. गरम हवा वरच्या फटींतून निघून जाते आणि घर खालून जमिनीची हवा ओढतं. आपल्याकडे हा फरक थोड्या अंशांचा, त्यामुळे ओढ कमी. आपल्याकडचं कारण वेगळं: बंद खोली. पूर्वी खिडकी उघडी ठेवून झोपायचे. आता तळमजल्याच्या बेडरूमला स्लायडिंगच्या घट्ट खिडक्या, डासांसाठी त्या संध्याकाळी पाचलाच बंद, आणि उन्हाळ्यात एसी. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. म्हणजे थंडीत थंडीसाठी बंद, पावसाळ्यात पावसासाठी, उन्हाळ्यात एसीसाठी. ऋतू बदलतो, पण खोली बाराही महिने बंद. हवामानाने जे नेलं असतं ते आपण अडवून धरतो. माझ्या मते इथे लक्ष घालायची गरज आहे, खडकाकडे पाहून निश्चिंत व्हायची नाही.

पार्किंगवरच्या फ्लॅटवाल्यांना ही काळजी फारशी नाही, खाली वारा खेळतो. पूररेषेजवळ खांबांवर उचलून बांधलेल्या घरांनाही तोच फायदा. पुरात बुडालेल्या जुन्या घरांचं उलटं आहे. पाणी ओसरून काळी माती आक्रसली की जोतं खचतं, फरशीला तडे जातात. ते तडे नुसते दिसायला वाईट म्हणून नाही, तर या कारणासाठीही बुजवून घ्यावेत.


यवतेश्वर_पायथा
सोमवार, सकाळी ९:४५

आणि पंखा? रात्रभर छताचा पंखा चालू असतो, त्याने काही फरक?


प्रयोगशाळा_आष्टा
सोमवार, दुपारी १२:१०

पंख्याने रेडॉन वायू कमी होत नाही, खोलीतल्या खोलीत फिरतो. पण रेडॉनपासून बनलेले कण भिंतीवर, पात्यांवर, पडद्यांवर जाऊन चिकटतात, त्यामुळे श्वासात जाणारे कण घटतात. म्हणजे यंत्रावरचा आकडा तोच राहील आणि तरी थोडा फायदा असेल. उदबत्ती, चूल, कासवछाप यांच्या धुराने नेमकं उलटं होतं. कणांना चिकटायला धूर मिळतो आणि ते हवेत जास्त वेळ तरंगत राहतात.


हरिपूरकर
सोमवार, रात्री ८:००

आम्हालाही मोजायचंय. यंत्र महाग असेल तर काय करावं? आणि ठेवायचं कुठं?


वारणाकाठ
सोमवार, रात्री ९:३०

काका, यंत्र घ्यायलाच हवं असं नाही. एलआर-११५ नावाची फिल्म असते. डबीत बसवून तीन महिने टांगून ठेवायची. अल्फा कण तिच्यावर सूक्ष्म ओरखडे पाडतात, नंतर रसायनात धुऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. वीज नको, आवाज नाही, किंमत किरकोळ. आपल्याकडच्या विद्यापीठांनी आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने हीच पद्धत वर्षानुवर्षं वापरली आहे. जवळच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात चौकशी करा. तीन महिन्यांची सरासरी आपोआप मिळते, त्यामुळे पहाट-दुपारचा गोंधळच उरत नाही. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा आणि परतीच्या पावसानंतरचा काळ, अशा चार फिल्म लावल्या की घराचा खरा आकडा हाती येतो. एकच लावणं परवडणार असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी लावा.

जागा: ज्या खोलीत झोपता ती, तळमजल्याची. जमिनीपासून मीटर-दीड मीटर उंच, खिडकी आणि पंख्याच्या झोतापासून दूर, मोरी आणि स्वयंपाकघरात नको. भिंतीला चिकटवून तर मुळीच नको, मातीची भिंत असेल तर खासकरून. भिंतीतल्या थोरियमपासून थोरॉन नावाचा रेडॉनचा भाऊबंद निघतो. त्याचं अर्धायुष्य जेमतेम ५६ सेकंद, म्हणून तो भिंतीजवळच घोटाळतो आणि मोजणी बिघडवतो. हातभर अंतर ठेवा.

सुनंदाताईंकडे माझं यंत्र या रविवारी पाठवते, हिवाळाभर त्यांच्याकडे राहू दे. ज्यांच्याकडे डिजिटल यंत्र आहे त्यांनी नुसता आकडा टाकू नका, सोबत इतकं तरी लिहा: मोजणीची वेळ, मोबाइलवर दिसणारा हवेचा दाब, मागच्या दोन दिवसांत पाऊस पडला का, वारा होता का, रात्री खिडकी उघडी होती की बंद, आणि घराखालची जमीन काळी की मुरमाड. विटेकर, तुमच्या माळावरचं घर आणि हरिपूरची नदीकाठची माती यांची जोडी मला फार हवी आहे. दोघांनी एकाच आठवड्यात सुरुवात केली तर हवामान सारखं धरता येईल आणि मातीचा फरक वेगळा दिसेल.


विटेकर_माळ
सोमवार, रात्री ९:५०

चालेल ताई. पुढच्या सोमवारपासून लावतो. हरिपूरकर काका, मी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.